मोबाइल क्रमांक अनिवार्य

अर्जाच्या त्या नमुन्यात बावीस रकाने होते आणि सातव्यापुढे तांबड्या अक्षरांत छापले होते : मोबाइल क्रमांक अनिवार्य. ई-मेलसाठी रकाना नव्हता. अर्जदार माझी मुलगी होती आणि ती जन्मापासून बहिरी आहे. कागदोपत्री तिला कर्णबधिर म्हणतात, घरी आम्ही बहिरी म्हणतो. तिला दोन्ही शब्द ऐकू येत नाहीत, वाचता मात्र दोन्ही येतात, आणि पहिला शब्द लिहिणारे लोक सहसा नोकरी देत नाहीत असा तिचा अनुभव आहे.

जागा न्हावा शेव्याच्या बंदरालगत एका यार्डात होती. कंटेनरचे क्रमांक कागदावरून संगणकावर चढवायचे, एवढेच काम. वाणिज्य शाखेची पदवी आणि संगणकाचे प्रमाणपत्र असूनही ती तीन वर्षे घरी बसून होती. नागावात आमच्या शेजारच्या होमस्टेवाल्याला बुकिंगच्या नोंदी ठेवणारे कोणी हवे होते, "पण काका, पाहुण्यांनी हाक मारली तर काय करायचं?" असे म्हणून त्याने विषय मिटवला. एका शाळेने लिपिकाच्या जागेसाठी बोलावले, तर मुख्याध्यापकांनी सारे प्रश्न तिच्याऐवजी मला विचारले. त्या दोघांनाही मी पत्रे पाठवली.

मी तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. तिथली सवय सुटली नाही, म्हणून घरून जाणाऱ्या पत्रांनाही मी जावक क्रमांक घालतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा माझ्या टेबलावर उघडाच असतो. प्रत्येक आस्थापनेने समान संधीचे धोरण जाहीर करावे असे त्यात म्हटले आहे. आपले धोरण दाखवा, एवढीच माझी मागणी असते. ती चार पानांत मांडलेली असते, हे मान्य. मुलीने अगदी लहानपणी खुणांत माझे नाव पाडले : उजवी मूठ डाव्या तळहातावर आपटायची. शिक्का. आमच्या घरात मी म्हणजे तो ठोका.

सातव्या रकान्यात तिने स्वतःचा क्रमांक लिहिला होता. मी तो खोडून माझा घातला. ती चिडली. मला संदेश पाठवतील ना, असे तिने फोनवर टंकून दाखवले. मी लिहिले : त्यांनी फोन केला तर उचलणार कोण? तिने पुढे काही टंकायच्या आत मी अर्ज पाकिटात घातला.

फोन आला तेव्हा मी वाडीत नारळांना पाणी लावत होतो. पलीकडून एक तरुण बोलत होता. मुलाखत, अकरा वाजता, मूळ कागदपत्रे, हे सारे मी ऐकले आणि तारीख तिथेच तळहातावर लिहून घेतली. घरात येऊन दिनदर्शिकेवर २९ या आकड्याला गोल केला. पत्नीने देवापुढे साखर ठेवली. मुलीने माझ्या तळहातावरची शाई पाहिली, मग दिनदर्शिका पाहिली आणि बोटांवर दिवस मोजले. तीन आठवडे होते.

त्या तीन आठवड्यांत मी एका जागी बसलो असेन तर जेवणापुरता. प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती काढल्या, पुन्हा काढल्या. रेवसला जाऊन करंजाकडे जाणाऱ्या लाँचच्या वेळा लिहून आणल्या. रस्त्याने पेणवरून फेरा पडतो. खाडी ओलांडली की उरण आले आणि तिथून बंदर जवळ. नोकरी लागली तर ती उरणला मावशीकडे राहणार, हेही ठरले होते. एवढे ठरल्यावर ती न लागणे मला सहन झाले नसते.

याच दिवसांत एका सकाळी दारावर येणारी कोळीण ओट्याशी टोपली टेकवून काही म्हणाली.

"कोण गेली?" मी दचकून विचारले.

"कोनी न्हाय गेली, भाऊ," ती म्हणाली आणि पत्नीकडे वळली. "वैनी, मी मांदेली बोलते नि यो सुतक धरून बसला. पोरीला नावं ठेवतान लोकं, पन बापाच्या कानात तर पुळणीची वाळू भरलीय."

पत्नी हसली, मुलगी दोघींच्या ओठांकडे पाहून हसली. मी आत जाऊन आकाशवाणीच्या बातम्या लावल्या. पत्नी ओट्यावरून म्हणाली, "अहो, बातम्या आपल्याला लावल्यात की अख्ख्या आळीला?" मी आवाज तसाच ठेवला. अशा बोलण्याला उत्तर देण्याची माझी रीत नाही.

एकोणतीस तारखेला आम्ही पहिल्या लाँचने निघालो. यार्डाच्या फाटकावर सुरक्षारक्षकाने यादीवर दोनदा बोट फिरवले.

"काका, नाव नाय लिस्टमध्ये. इंटरव्ह्यू तर कधीच झाले."

मी वरिष्ठांना बोलावण्याची मागणी केली. पिवळे हेल्मेट घातलेला एक तरुण आला. मुलीला दोघांचे ओठ दिसावेत म्हणून मी थोडा बाजूला उभा राहिलो, एवढे भान मला होते.

"काका, मीच फोन केलेला तुम्हाला. एकोणीस सांगितलेली. आम्ही त्या दिवशी वाट पण बघितली."

"आपण एकोणतीस म्हणालात. मी तत्क्षणी लिहून घेतले आहे."

"एकोणतीसला मी कोणाला कशाला बोलावू? महिनाअखेरीला इथे पाणी प्यायला फुरसत नसते."

"ही बाब मी लेखी मांडीन आणि योग्य त्या सर्व कार्यालयांना प्रती पाठवीन."

त्याने हेल्मेट काढले. "मांडा ना. पण एक सांगतो, काका. दोन जागा होत्या, एक भरली. दुसरी शुक्रवारपर्यंत आहे. कंप्लेंट आली तर वरचे लोक ती पण बंद करून टाकतील. मग माझ्या हातात काही नाय."

त्या दिवशी बुधवार होता. मुलीने मला विचारले, काय म्हणाला? मी एकच खूण केली. खोटारडा.

करंजाला ओहोटी होती. लाँच तासभर लागणार नव्हती. मी धक्क्यावर येरझारा घालत पत्राची वाक्ये जुळवत होतो. ती एका खांबाला टेकून माझ्याकडे पाहत होती, आणि ते पाहणे मला आवडले नाही. लाँच सुटल्यावर इंजिनाच्या घरघरीत सगळे प्रवासी आपोआप हातवाऱ्यांवर आले. अशा वेळी ती नेहमी खुलते, कारण तेवढ्यापुरते सारे जग तिच्यासारखे होते. त्या दिवशी ती पाण्याकडे तोंड करून बसली.

घरी पोचताच मी मजकूर सांगायला घेतला. म्हणजे कागदावर लिहीत होतो आणि ती टंकत होती. हा आमचा जुना प्रघात. दुसऱ्या परिच्छेदात वाक्य होते : 'आपल्या प्रतिनिधीने दूरध्वनीवरून २९ ही तारीख स्पष्ट शब्दांत कळवली.' तिथे तिची बोटे थांबली. तिने माझा मोबाइल मागितला.

माझ्या मोबाइलवर येणारे प्रत्येक संभाषण आपोआप साठवले जाते. ही सोय तिनेच कधीतरी चालू करून दिली होती, पुराव्याला उपयोगी पडेल म्हणून, आणि मीच ती विसरलो होतो. तिच्या स्वतःच्या फोनवर बोललेले शब्द लिहून दाखवणारे एक ॲप आहे. तिने माझा फोन तिच्या फोनशेजारी ठेवला आणि ते संभाषण लावले. तिच्या पडद्यावर अक्षरे उमटू लागली.

मुलाखत 19 तारखेला अकरा वाजता. मग माझे वाक्य : हो हो 29. मग त्याचे : नाही काका 19. त्यावर माझे : हो लिहून घेतलं. पुढे त्याने विचारले होते, काका तुम्हाला नीट ऐकू येतंय ना. आणि मी उत्तर दिले होते, नाही नाही, तिला अजिबात येत नाही.

पत्नी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी फोन उचलून कानाशी धरला. पाण्याच्या पंपाचा आवाज होता, त्यामागे एक माणूस होता, आणि तो काय म्हणत होता ते मला समोर अक्षरे असतानाही लागले नाही.

"एकोणीसच म्हणतोय तो," पत्नी म्हणाली. मग माझ्यासमोर येऊन, मला तोंड दिसेल अशा बेताने, पुन्हा म्हणाली, "एकोणीस. दोनदा म्हणतोय."

मुलीने मूठ तळहातावर आपटली. शिक्का. मग तर्जनी कानाला लावली आणि खाली आणून ओठांवर आडवी ठेवली. बहिरा. ही खूण आमच्या घरात आजवर तिच्या एकटीच्या मालकीची होती.

मी पंपाचे कारण पुढे केले. तिने मान हलवली आणि टंकले : बाबा, तुम्ही चार वर्षांपासून माझ्यासारखे ओठ बघता. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे.

माणूस कायद्याने बरोबर आणि वस्तुस्थितीने चूक असू शकतो, हे मी नोकरीत शेकडो अर्जदारांना समजावले आहे. बहिऱ्या उमेदवाराकडे मोबाइल क्रमांकच मागणे, तोही अनिवार्य म्हणून, हा अन्याय होता आणि आहे. पण त्या रकान्यातला तिचा क्रमांक मी खोडला नसता, तर फोन उचलला जात नाही म्हणून त्यांनी तिला संदेश तरी पाठवला असता. तिला ऐकू येत नाही म्हणून तिची मुलाखत हुकली नव्हती. मला ऐकू येत नाही म्हणून हुकली होती.

गुरुवारी सकाळी मी नवा मसुदा लिहिला. 'अपरिहार्य कारणास्तव' असा शब्द योजला. तिने तो खोडला. 'गैरसमजुतीमुळे' लिहिले, तोही खोडला. माझ्या मसुद्यातले तिने काहीच ठेवले नाही. शेवटी तिने त्या तरुणासाठी स्वतः चार वाक्ये लिहिली. माझ्या वडिलांना कमी ऐकू येते. त्यांनी तारीख चुकीची ऐकली. मी शुक्रवारी येऊ शकते. कृपया फोन करू नये, या क्रमांकावर संदेश पाठवावा. आणि पाठवण्यापूर्वी पडदा माझ्यासमोर धरला.

पहिले वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. पत्नीने चहा आणून ठेवला, तो गार झाला. तरुणाने उद्यासाठी दुसऱ्याला बोलावले असेल, लाँचला पाणी नसेल, हे सारे डोक्यात फिरत होते आणि ती मात्र हात न हलवता पडदा धरून उभी होती. अखेर मी मूठ तळहातावर आपटली. ते माझे नाव आहे आणि 'मंजूर' या अर्थाची खूणही तीच आहे, हे तेव्हा प्रथमच ध्यानात आले.

उत्तर दुपारी आले. उद्या 11.00. आकड्यांत.

शुक्रवारी तिने मला रेवसच्या धक्क्यापलीकडे येऊ दिले नाही. लाँच दिसेनाशी झाल्यावर मी तिकीट खिडकी आणि धक्क्याचे टोक यांमध्ये किती फेऱ्या मारल्या ते मोजले नाही. चहावाल्याने दोन हाका मारल्या म्हणे. तिसऱ्या वेळी येऊन खांद्यावर हात ठेवला. फोन मी हातातच धरला होता, कारण तो थरथरला की मला कळते. दीड वाजता थरथरला.

झाली टेस्ट. पन्नास नंबर दिले होते. कंटेनरच्या नंबरात शेवटचा आकडा आधीचे बरोबर आहेत का ते तपासायला असतो. एक जुळत नव्हता, कागदच चुकीचा छापलेला. मी दाखवला. सोमवारपासून. सहा महिने तात्पुरती.

आता ती उरणला असते. घरात फार शांतता आहे, अशी पत्नीची तक्रार आहे. मला फरक सांगता येत नाही. कानांची तपासणी अलिबागला झाली, यंत्राची मापे दिली आहेत.

एक पत्र मात्र तयार आहे. विषय : अर्जाच्या नमुन्यातील सातवा रकाना. आजवर प्रत्येक कार्यालयाने मला विचारले की या प्रकरणात आपण कोण. या पत्राची सुरुवात 'मी, स्वतः श्रवणदोष असलेली व्यक्ती' अशी आहे. आता मीच बाधित पक्ष आहे. मुलीला मसुदा पाठवला. तिचे उत्तर आले : मुद्दा बरोबर. मी कायम होईपर्यंत पाठवू नका.

सहा महिने. मी रोज ते पत्र काढून वाचतो, एखादा शब्द बदलतो आणि परत ठेवतो. त्यावर जावक क्रमांक घातला आहे. तारखेची जागा रिकामी आहे.