सायलीची खुर्ची

"खरं सांगते, ती पोरगी नेऱ्याला घरी पडून हाय, पन इकडं खुर्चीवर रोज..."

एवढंच कानावर आलं आणि लिफ्टचं दार बंद झालं. बोलणाऱ्या आमचा जिना झाडणाऱ्या वनिताताई, ऐकणारा वॉचमन. ते अर्धं वाक्य मला दोन महिने पुरलं.

समोर कॉम्प्युटर सायन्सच्या मुली राहायला असल्या की किस्से गोळा करावे लागत नाहीत, दाराच्या फटीतून आपले आपण येतात. माझं शिक्षण दहावीपर्यंत. चौकशा मात्र पीएचडीच्या, असं आमचे हे म्हणतात.

समोरच्या फ्लॅटमध्ये चौघी राहायच्या. ऋचा, नाझनीन, पूजा आणि सायली. शेवटच्या वर्षाला सायली स्कूटीवरून पडली, डोक्याला मार बसला. तिचे बाबा गावाहून, नेऱ्याहून, सामान न्यायला आले तेव्हा मी चहा दिला.

"पोर बरी हाय," ते म्हणाले. "पन मोबाईल नाय, लॅपटॉप नाय, कोनाशी बोलनं पन नाय. डॉक्टरनी बजावलंय."

खुर्ची तेवढी इथेच राहिली.

*

एकदा वाटीभर शिरा घेऊन गेले. दार उघडंच होतं. नाझनीन रिकाम्या खुर्चीला सांगत होती, "हे बघ, इथे पेशंटचा नंबर येतो. इथून पुढे जातो. कळलं?"

मग खुर्चीकडे कान दिला. जरा वेळाने मान डोलावली. "हां, बरोबर. इथेच चुकतंय."

मी तशीच मागे फिरले. शिरा आम्हीच खाल्ला.

*

दुसऱ्या दिवशी ऋचाला विचारलंच.

"काकू, आमच्यात पद्धतच आहे," ती म्हणाली. "प्रोग्राम अडला की कुणाला तरी मोठ्याने समजावायचा. सांगता सांगता आपली चूक आपल्यालाच दिसते. काही जण त्यासाठी टेबलावर प्लास्टिकचं बदक ठेवतात."

"आणि तुम्ही?"

"आम्ही तिची खुर्ची ठेवलीय."

चौघींचा प्रोजेक्ट एकच, दवाखान्यातल्या रांगेचं ॲप. सायलीचा भाग या तिघी लिहीत होत्या. पण तोंडी परीक्षेत ज्याचा भाग त्यानेच समजावायचा. नाही जमलं तर सायलीचं वर्ष गेलं.

*

वनिताताई त्यांच्याकडे लादी पुसायला जायच्या. खुर्ची सरकवली की पूजा म्हणायची, "ताई, तिचं तोंड स्क्रीनकडेच असू द्या."

चार दिवसांत वनिताताईंनी काम सोडलं.

*

मग एका दुपारी बेल वाजली. दारात ऋचा. ॲपमध्ये नंतर आलेला पेशंट आधी आत जात होता, आणि तिघींची डोकी बंद पडली होती.

"काकू, जरा येऊन बसता? तुम्हाला यातलं काही कळत नाही, म्हणूनच."

"अगं, पण तिच्या खुर्चीत?"

नाझनीनने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "सायली, काकू बसतायत हं."

मी कडेला टेकून बसले. ऋचा पंधरा मिनिटं बोलली. शेवटी मीच म्हटलं, "अगं, माझ्या फ्रिजमधल्या दुधासारखं करा. नवी पिशवी मागे, जुनी पुढे. आमचे हे उलट ठेवतात, मग दूध नासतं."

कुणीच हसलं नाही. ऋचा टाइप करायला लागली. रांग सरळ झाली.

*

परीक्षेच्या दिवशी सायलीला बाबा नेऱ्याहून थेट कॉलेजात घेऊन आले. आल्या आल्या तिचाच नंबर लागला, तिघींना तिच्याशी एक शब्द बोलता आला नाही.

दुपारी चौघी घरी आल्या. सायली पास. मी चहाचं पातेलं घेऊनच गेले. बाबाही होते.

"ओळन् ओळ सांगितली तिने," ऋचा हळू आवाजात म्हणाली.

मी बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "दोन महिने घराभायेर पडली नाय वो. खाटंवरून उठत नव्हती." म्हणजे वनिताताईंचं निम्मं तरी खरंच.

"कसं जमलं गं?" मी सायलीला विचारलं.

"माहीत नाही, काकू. सर म्हणाले, साध्या भाषेत सांग. मी म्हटलं, नवी पिशवी मागे, जुनी पुढे. नाहीतर दूध नासतं."

मी ऋचाकडे पाहिलं. मग नाझनीनकडे, पूजाकडे. तिघींनीही नकारार्थी माना हलवल्या.

सायली कप घेऊन आपल्या खुर्चीत बसली, चांगली मागे टेकून.

"काकू, परत बसाल तेव्हा अशा बसा," ती म्हणाली. "त्या दिवशी किती कडेला बसला होतात."