गुडघाभर आभाळ

तुंगार्लीच्या वाटेवर मुंबईच्या एका वकीलसाहेबांचा बंगला होता आणि त्याची राखण करायला वराळ्याचा हौशीराम होता. माणूस अंगापिंडानं दांडगा, पण उंचीला भ्यायचा. म्हणजे किती, तर विहिरीत डोकवायचं झालं तरी आधी पालथा झोपायचा. ज्या लोणावळ्यात लोक लांबलांबून कड्याच्या टोकाला उभं राहायला येतात, तिथं असल्या गड्यानं पोट कसं भरावं? तर नंदाबाईच्या जिवावर. पावसाआधी बंगल्याची कौलं परतायला त्याची बायको नंदाबाई वर चढायची आणि हौशीराम खाली शिडी धरायचा. तीही डोळे मिटून.

गंमत अशी, की याच माणसाला स्वप्नं पडायची ती उडायची. दुपारी व्हरांड्यात बाजेवर कलंडला की तो अलगद वर उठायचा. वळवणच्या धरणावरून, नदीच्या वळणावळणानं, रुळाची चकाकी खाली ठेवून पार घोरावाडी स्टेशनापर्यंत. तिथून वराळ्याच्या आपल्या शेतावर. खाली पाण्यानं भरलेली भातखाचरं, त्यांत एकेक ढग, आणि अंगणात सडा टाकणारी आई मान वर करून म्हणायची, "हौश्या, जेवून जा." स्वप्नात चक्कर यायची नाही. का, असं विचारलं तर म्हणायचा, "पाठ बाजंला असती ना."

अशा माणसाच्या हातात साहेबांनी हेलिकॉप्टर दिलं. पंचाहत्तर सालची गोष्ट. हेलिकॉप्टर अर्थातच माणूस बसायचं नव्हे. जर्मनीहून आणलेलं, शेळीएवढं, रेडिओच्या लहरींवर चालणारं. उन्हाळ्यात साहेबांनी हौसेनं निम्मं जोडलं, कसं चालतं ते दाखवलं आणि मग त्यांना कंटाळा आला.

"राहिलेलं तू जोड, हौशीराम. जमलं तर उडवून बघ. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येऊन घेऊन जाईन, मुंबईला एकाला द्यायचंय."

हौशीरामला यातलं एकच वाक्य ऐकू आलं, उडवून बघ. म्हणजे आपण खाली उभं राहून वर जायचं. एकदा का होईना, पण जागेपणी.

पावसाळाभर तो मोटारखान्यात त्या यंत्राशी झटत होता. इंजिनात जाळायच्या तेलाची बाटली उघडली की एरंडेलाचा वास यायचा आणि लहानपणी आईनं नाक दाबून पाजलेलं सगळं आठवायचं. डोक्यावरची दोन लाकडी पाती सारख्या वजनाची हवीत, नाहीतर अख्खं यंत्र थरथरेल, हे साहेबांनी बजावलं होतं. म्हणून त्यानं पात्यांची जोडी मधोमध दोरा बांधून आढ्याला टांगली आणि हलक्या बाजूला कागदाच्या चिठोऱ्या डकवत वाण्याच्या तागडीसारखी समतोल केली. मग हातात घ्यायचा डबा. त्याला लहरी सोडणारी लांबलचक तार आणि दोन दांड्या. डावी वर सारली की जनावर उठणार, उजवी कलवाल तिकडं ते कलणार. इंजिन बंद ठेवून हौशीराम तासन्‌तास नुसत्या दांड्या हलवत बसे. बाहेर धुकं दारापर्यंत आलेलं असे आणि हा आत बसून धरण ओलांडत असे.

शेजारच्या बंगल्याचा म्हातारा माळी अंबाजी रोज डोकावून जायचा.

"शिडीवर चढत न्हाईस आन् आभाळात निघालास व्हय रं?"

"मी कुटं निघालोय आबा? मी हितंच हाय. त्यो जाणार."

"जाणार खरा, पर पडंल. नव्या पोराला आदी पांगुळगाडा लागतो." असं म्हणून अंबाजीनंच दोन बांबूच्या काठ्या आणल्या आणि यंत्राच्या पायांखाली फुलीसारख्या बांधून दिल्या. आता ते कलंडायला मागत नव्हतं.

खंडेनवमीला हौशीरामनं हत्यारं पुजली. कोयता, कुदळ, कात्री आणि त्यांच्या पंक्तीला हेलिकॉप्टर. पुढ्यात आलेल्या पात्यावर त्यानं ओल्या हळदीकुंकवाचा ठसठशीत पट्टा ओढला, वर अक्षता चिकटवल्या, आणि वाऱ्यानं पुसलं जाऊ नये म्हणून रोगणाचा हात फिरवला. दुसरं पातं भिंतीकडं होतं, ते राहिलं.

दसऱ्याच्या सकाळी यंत्र पटांगणात मांडलं. दोरी ओढली, इंजिन फुरफुरलं, पाती फिरली आणि सगळं धूड हिव भरल्यासारखं कापायला लागलं. बांबूच्या काठ्या जमिनीवर ताशा वाजवू लागल्या. हौशीरामनं घाईघाईनं बंद केलं, सगळे स्क्रू आवळले, पुन्हा चालवलं. पुन्हा तेच. बाटलीत तेल उरलं होतं तळाला. उद्या साहेब येणार होते.

"पाती काढ आन् टांग पुन्ना," अंबाजी म्हणाला.

टांगली. एक बाजू सरळ खाली गेली. कुंकवाची.

"हे बग. घे चाकू, खरवड."

हौशीरामनं चाकू घेतला आणि तसाच धरून बसला. "सणाचं कुंकू खरवडू? आबा, घरात सवाशीण हाय. तुमीच खरवडा."

अंबाजीनं हात मागं घेतले. "माजी काय मेली न्हाई."

साहेबांचं यंत्र, जर्मनीची बनावट, आणि अडलं होतं चिमूटभर कुंकवावर. नंदाबाई शिडीवर चढून दाराला झेंडूचं तोरण बांधत होती. ती वरूनच म्हणाली, "दोगी जावा दारात आल्यावर एकीलाच कुंकू लावत्यात व्हय? ती रुसून थरथरली तर तिचं काय चुकलं?"

मग खाली उतरून तिनं करंडा आणला. दुसऱ्या पात्यावर तेवढाच पट्टा ओढला, तेवढ्याच अक्षता लावल्या, रोगण दिलं. पहिल्या पात्याची बाजू अजून जराशी खाली होती. तिनं दुसरीवर अक्षतेचा एक दाणा आणखी चिकटवला. पाती आडवी, निवांत झाली.

रोगण वाळेपर्यंत उन्हं कलली. गावातली माणसं आपट्याची पानं आणायला वेशीबाहेर निघाली होती. पटांगणाच्या कडेला सोनकी पिवळीधमक फुलली होती आणि दरीतलं धुकं हळूहळू कुंपणावर हात ठेवत होतं. हौशीरामनं पाती पुन्हा बसवली, उरलेलं तेल ओतलं, दोरी ओढली. या वेळी आवाज एकसुरी आला, झोपेतल्या श्वासासारखा. एरंडेलाचा वास पसरला. त्यानं डावी दांडी हलकेच वर सारली.

गवत आडवं झालं. काठ्या भुईवरून सुटल्या. घोट्याएवढं, पोटरीएवढं, गुडघ्याएवढं. तिथं ते थांबलं, कुठं काही घाई नसल्यासारखं. दोन्ही पात्यांचं कुंकू मिळून हवेत एक तांबूस कडं उमटलं. हौशीरामला खाली सोनकी दिसली, सोनकीपलीकडं धरण, नदीचं वळण, रूळ. कुणीतरी मान वर करून हाक मारत होतं. आणि मग अख्खं पटांगण त्याच्याभोवती गरगरलं.

तो मटकन खाली बसला. बसता बसता दांडी आपसूक मागं आली, यंत्र गवतात टेकलं. तेल संपलं. सगळं शांत झालं.

नंदाबाई त्याच्या मागं येऊन उभी राहिली. शिडी धरावी तसे तिनं त्याचे दोन्ही खांदे धरले.

"गुडग्याएवढं तर उडालं," अंबाजी म्हणाला. "तेवढ्यानं चक्कर आली?"

हौशीरामच्या दोन्ही मुठींत गवत घट्ट धरलेलं होतं.

"तुमी खालनं बगत व्हता, आबा," तो म्हणाला. "वरनं लय उंच वाटलं."