शेजारी वगळून

दारव्ह्यात बसून फ्रान्समधल्या टपालाची काळजी वाहणारी बाई एकच, रजनी. नागपूरला शिकलेली फ्रेंच लग्नानंतर लोणच्याच्या बरण्यांमागे गेली होती, ती आता कामाला आली. एका फ्रेंच कुरिअर कंपनीची नियमावली तिला इंग्रजीत करायची होती. जोखमीचं पाकीट ज्याचं त्यालाच द्यायचं, ओळखपत्र पाहून, सही घेऊन, शेजाऱ्याला नाही. घरी कुणी नसताना दारात ठेवायच्या चिठ्ठीला फ्रेंचमध्ये खास नाव होतं. त्याला इंग्रजी शब्द शोधण्यात तिची सकाळ गेली, भाजी करपली. तिच्या गल्लीत अशी चिठ्ठी कुणी पाहिलीच नव्हती. घरी कुणी नसलं तर शेजारच्या खातूनबी होत्या. अख्ख्या गल्लीचं टपाल त्याच सही करून घेत आणि ज्वारीच्या कोठीत ठेवत.

काम पसंत पडलं आणि पुढचं वर्षभराचं मिळालं. त्यासाठी कंपनी एक सीलबंद पाकीट पाठवणार होती. त्यातली किल्ली कॉम्प्युटरला जोडल्याशिवाय कामाच्या फायली उघडणार नव्हत्या. ते कोठीत जाईल या धास्तीनं रजनीनं पोस्टमन फुलसिंगला अडवून सगळी नियमावली मराठीत ऐकवली. याचे पैसे कोणी देणार नाही, असं तिचा नवरा कमलाकर म्हणाला. फुलसिंगनं मात्र मन लावून ऐकलं. तिथंच घोटाळा झाला.

पाकीट आलं, तेव्हा रजनीचं आधार कार्ड बँकेच्या कामासाठी कमलाकरच्या खिशात, यवतमाळला. फुलसिंग पाकीट देईना. मला ओळखत नाही का, असं तिनं विचारलं.

"ओळखतो ना बाई. पण तुम्हीच सांगतलं, ओळख चालत नाही, कागद पाह्यजे. दोनदा येऊन गेलो, घराले कुलूप. आज शेवटचा दिवस हाय, मंग वापस."

आवाज ऐकून खातूनबी पदराला हात पुसत आल्या. "दे इकडं. सही कुठी करू?"

फुलसिंगनं रजनीकडे पाहिलं. "शेजाऱ्याले तर मुळीच नाही म्हणे."

भर गल्लीत रजनीला आपलाच कायदा मागे घ्यावा लागला. द्या त्यांना, ती पुटपुटली.

"मंग तो नियम?"

"तो फ्रान्समधला आहे हो."

खातूनबींनी सही केली, पाकीट घेऊन सवयीनं आत गेल्या. कोठीचं झाकण वाजलं. चहा होईस्तोवर ते पुन्हा उघडलं नाही.

"मले वगळाचा नियम होता काय वो?" कप पुढे करत त्यांनी विचारलं.

रजनीनं चहा संपवला आणि दुसऱ्या कपालाही नको म्हटलं नाही. मग कोठी उघडली.

घरी येऊन तिनं कंपनीला पोच कळवली. पाकीट कुणी स्वीकारलं, या रकान्यात तिनं आपणच घडवलेली इंग्रजी ओळ लिहिली: स्वतः, प्रत्यक्ष, ओळख पटवून. ओळ अगदी निर्दोष होती. मग कीबोर्ड उलटा करून तिनं पाकिटाला चिकटून आलेले ज्वारीचे दाणे झटकले.