येत नाही म्हणायचं

परदेशातून शिकवायला आलेली मुलगी हातात कार्ड धरून उभी होती. कार्डावर लाल सफरचंद. माझी आठ वर्षांची सोनल उठली, टेबलावरचं त्या पाहुण्यांचंच गोष्टीचं पुस्तक उचललं आणि इंग्रजीतलं अख्खं पान मोठ्याने वाचलं. त्या शिकवणाऱ्या मुलीचा चेहरा उतरला. मागे एकजण व्हिडिओ काढत होता, त्याने मोबाइल खिशात घातला.

वर्ग चालवणाऱ्या मॅडम त्यांच्याशी हसून काहीतरी बोलल्या. मी दारात झाडू घेऊन उभी होते, तिथे आल्या.

"बाई, हिला बाहेर ने. ती पोरं एवढ्या लांबून येतात आणि ही त्यांच्यापुढे शहाणपणा करते. तिला सांग, विचारलं की येत नाही म्हणायचं."

मी तिला बाहेर नेलं. दंडाला चिमटा काढला. मीच.

"पण मला येतं ना, आई."

"गप बस," मी म्हटलं.

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये, जीन्स शिवायच्या कारखान्यामागे, एका गाळ्यात दुपारी हा वर्ग भरतो. मी तिथे झाडायचे, मुलांची खिचडी करायचे. वर्षातून तीन-चार वेळा बाहेरच्या देशातली कॉलेजची मुलं यायची, दोन आठवडे शिकवून जायची. वाईट नव्हती. जाताना रडायची. पण प्रत्येक ग्रुप 'ए फॉर ॲपल'पासून सुरू करायचा. जुना ग्रुप गेला की मॅडम मला मुलांनी केलेले तक्ते भिंतीवरून काढायला लावायच्या. भिंत कोरी दिसली पाहिजे. मुलांनाही खेळ कळला होता. पहिल्या दिवशी अडखळायचं, शेवटच्या दिवशी धडाधड म्हणायचं. मोठ्या मुली आपापसात हसायच्या, "अरे, कितनी बार सीखेंगे, वो ॲपल सड गया."

सोनल हसायची नाही. तिला पुढचं हवं होतं.

त्या चिमट्यानंतर दोनेक महिन्यांनी शाळेतल्या बाईंनी मला बोलावलं. "ही पेपरात सगळं बरोबर लिहिते. उभं करून विचारलं की येत नाही म्हणते. घरी कोणी धाक घालतं का?"

मी खाली बघत राहिले.

मी चौथी शिकलेली. बँकेतला फॉर्म मला भरता येतो, तरी रांगेतल्या कुणाला तरी देते. येत नाही म्हणते. लोक बघतात म्हणून. माझ्याकडचं तेच मी तिच्या दंडात घातलं. अजून भांडी घासताना मधेच तिचा आवाज येतो, येत नाही. नळ बंद करून बघते. ती शाळेत असते. घरात कोणी नसतं.

नवा ग्रुप यायच्या आदल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "बाई, तक्ते काढून घे."

"नाही काढणार."

"काय?"

"मुलांनी केलेत. राहू देत."

"ही लोकं आली नाहीत तर खिचडी बंद होईल, कळतं का? वह्या बंद. तुझं कामही."

"कळतं."

"तुम्हा लोकांना केल्याची जाणीवच नाही."

तक्ते त्यांनी स्वतः काढले. दुसऱ्या दिवशी ग्रुप आला. एकीने सफरचंदाचं कार्ड उचललं. मी आत गेले. सगळ्यांसमोर म्हटलं, "इनको ये आता है. आगे का सिखाओ."

त्यांना हिंदी कळत नव्हती. त्यांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी इंग्रजीत काहीतरी सांगितलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी आभार मानले असं त्यांना वाटलं.

ते जोडलेले हात मला अजून दिसतात.

मी सोनलला घेऊन निघाले. परत कामाला गेले नाही. सोनल शाळेत अजून हात वर करत नाही. ते मॅडमवर ढकलता येत नाही. चिमटा माझा होता.

आता रोज संध्याकाळी मी तिच्यासमोर बसते. ते वाक्य तिच्याकडून इंग्रजीत शिकते. मुलांना हे येतं, पुढचं शिकवा. ती हळू सांगते. मी म्हणते, ऐकू नाही आलं, मोठ्याने सांग. माझं चुकतं, ती सुधारते. कालपर्यंत अर्धं पाठ झालंय.

पुढचा ग्रुप आला की मी त्या गाळ्यात जाणार. मॅडम हाकलतील, तरी बोलणार. या वेळी माझं बोलणं कोणी मधे बदलून सांगणार नाही.