डोळ्यांच्या विभागाबाहेरचं बाकडं

आमच्या सरकारी दवाखान्यात गुप्तरोगांची खोली डोळ्यांच्या विभागाला लागूनच आहे. त्या खोलीत जायचं असलेली माणसं डोळ्यांच्या बाकड्यावर येऊन बसतात. मी तिथे माझा मोतीबिंदू घेऊन बसलो होतो.

शेजारच्या तरुणाने विचारलं, “काका, तुम्ही पण तिथलेच?”

“छे, मोतीबिंदू,” मी इतक्या घाईने म्हणालो की माझी मलाच लाज वाटली.

तो आत जाऊन आला तो चिठ्ठी घेऊन. “बायकोलाही तपासायला आणा म्हणतात. सातवा महिना आहे तिला. कसं सांगू?”

घरी प्रत्येक विषयावर सल्ला देणारा मी चष्मा पुसत राहिलो.

एवढ्यात त्या खोलीतल्या समुपदेशक बाई बाहेर आल्या आणि त्याच्या शेजारी टेकल्या. हळूच म्हणाल्या, “सांगताना मी असते ना सोबत. तिला वेळेवर इंजेक्शन मिळालं तर बाळालाही जपता येतं, दादा.”

रोग आटोक्यात आणणं म्हणजे भिंतीवरची पोस्टरं, असं मी समजत होतो. ते काम असं बाकड्यावर बसून, एकेकाची भीती ओसरेपर्यंत थांबून होतं. आणि खरंच होतं, हे मी पाहिलं.

तरुणाने फोन लावला. “जेवलीस का? मग रिक्षाने दवाखान्यात ये. घाबरू नकोस, मी फाटकाशी उभा राहतो.”

तो फाटकाकडे निघाला. बाई बाकड्यावरच बसून राहिल्या, दोघांची वाट पाहत.