ग्रहणातली कात्री

यशवंतपूरच्या बाजारामागे शामसुंदर शिंप्याचे दुकान, आणि दुकानाच्या पाठीशी घर. घरात पत्नी पुष्पावती. तिचा हात असा, की कात्री लागली हे कापडालाही कळू नये. फार वर्षांनी तिची कूस उजवली आणि घर हरिनामाने भरून गेले.

पंच्याण्णव सालच्या दिवाळीत अमावास्येलाच सूर्यग्रहण आले. गर्भिणीने ग्रहणात चिरू नये, कापू नये, ही आपल्या घरांची रीत. पण सणाची शिलाई अंगावर, गिऱ्हाईक दारात. पुष्पावतीने एक झंपर बेतला. सासू जमनाबाईंनी पाहिले, बोलल्या नाहीत.

मार्गशीर्षात बाळ जन्मले. नाक, डोळे, इवल्या मुठी, सारे भगवंताने हौसेने घडवलेले. मात्र नाभीच्या जागी काचेसारखी पातळ पिशवी आणि तिच्यात आतड्याची वेटोळी. तेव्हा जमनाबाई बोलल्या.

"झंपर बरा बसला ना गिऱ्हाइकाला?"

शस्त्रक्रिया झाली. इवल्या पोटात आतड्याला जागाच नव्हती. बाळ गेले. पुष्पावतीने अन्न टाकले, कात्री टाकली. शामसुंदर तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. हिचा दोष नाही, एवढेच हिला सांगा, म्हणाला.

बाईंनी त्याच्या गळ्यातली मापाची टेप मागून घेतली आणि तिची वेटोळी करत, तिथल्या कन्नडमध्ये सावकाश समजावले. गर्भाचे आतडे आधी सरळ नळी असते. ते पोटाहून भराभर वाढते, जागा पुरत नाही, म्हणून वेटोळे होऊन नाळेत उतरते. तिथेच वळत राहते, आणि पोट मोठे झाले की स्वगृही परतते. तुमचे, माझे, राजाचे, रंकाचे, सर्वांचे असेच. कोण त्याला हाक मारतो, कोण वाट दाखवतो? या बाळाचे तेवढे परतले नाही.

"परतायची वेळ तिसऱ्या महिन्यातली, अक्का. ग्रहणाच्या कितीतरी आधीची. कात्रीचा काही संबंध नाही."

शामसुंदरने हात जोडले. पुष्पावती टेपच्या वेटोळ्याकडे पाहत मनाशी महिने मोजत होती.

"म्हणजे ज्येष्ठ," ती म्हणाली. "ज्येष्ठात मी वटपौर्णिमा केली. ओकाऱ्या होत होत्या, सासूबाई नको म्हणत होत्या, तरी पाण्याविना राहिले. बाळाचं आतडं घरी यायला निघालं, आणि मी उपाशी."

उपासाने असे होत नाही, हे बाईंनी पुन्हापुन्हा सांगितले. ती प्रत्येक वेळी कन्नडमध्येच सरी, सरी, बरं बरं, म्हणाली.

घरी येताच तिने जमनाबाईंच्या पायांवर डोके ठेवले.

"दोष माझाच आहे, सासूबाई. तुमचा फक्त महिना चुकला."