भिंतीवरची ओल आणि मंगलची पाठ

मी एक थोर प्रायोगिक दिग्दर्शक आहे, आणि ही गोष्ट माझ्या घरात कुणालाही मान्य नाही.

डिजिटल हँडीकॅम नवे होते तेव्हा मी 'ओल' नावाचा सिनेमा काढला. डोंबिवलीतल्या आमच्या बेडरूमच्या भिंतीवर ओल पसरते, एवढंच कथानक. एकच शॉट, तासभर! (मधेच बायको टॉवेल घ्यायला येते. तेवढा अभिनय वाईट आहे.)

इतकी वर्षं कपाटात पडलेली ती एकुलती एक कॅसेट बघायला परवा ठाण्याहून कर्णिक नावाचे संग्राहक आले. सुरुवातीचे असले डिजिटल प्रयोग ते मूळ कॅसेटसकट जमवतात. अखेर कुणीतरी मला ओळखलं! माझी धाकटी बहीण मंगल कोलशेतहून मुद्दाम आली होती. भावाचं कौतुक बघायला, असं मला वाटलं.

कर्णिकांनी सोबत आणलेल्या कॅमेऱ्यात कॅसेट घालून तो टीव्हीला जोडला. भिंत दिसू लागली. कर्णिक गंभीर झाले. आणि अचानक भिंत जाऊन पाळणा आला! माझ्या मुलीचं बारसं!

"मंगल, हे काय?"

"अरे दादा, तूच म्हणालेलास ना, बारशाचं शूटिंग कर म्हणून! कॅसेटवर नुसती भिंत होती. मला वाटलं, कॅमेरा चुकून चालू राहिलाय."

"चुकून? अगं, तो सिनेमा होता!"

"मग तसं वर लिहायचंस ना रे!"

टीव्हीवर पाळणा एकदम जवळ आला; मंगल हातातला कॅमेरा न सोडताच बाळाच्या कानात कुर्रर्र करायला वाकली होती. लगेच रिवाजाप्रमाणे सगळ्या बायकांनी आत्याच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. प्रत्येक बुक्क्यासरशी पाळणा, बाळ, छत, सगळं उडत होतं! माझा सिनेमा माझ्याच सख्ख्या बहिणीने पुसला होता आणि मला तो संताप गिळत बसावं लागत होतं. कर्णिक मात्र खुर्चीतून अर्धे उठले.

"वा! वेदनेनं हादरणारी फ्रेम! ही कल्पना कुणाची?"

"आमच्या काकूंची," मंगल म्हणाली. "त्यांचा हात फार जड होता हो."

बारसं संपलं, पुन्हा भिंत आली. "इथून पुढे माझं आहे!" मी ओरडलो. कर्णिकांनी शांतपणे कॅमेरा बंद केला आणि कॅसेटच्या डबीवर लिहिलं, 'दिग्दर्शन: मंगलताई'.

"आणि मी?"

माणूस सज्जन. थोडा विचार करून त्यांनी खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'भिंत: दादांची'.

मी तेवढ्यावरही समाधान मानणार होतो. पण आतून बायको ओरडली, "अहो, खोटं कशाला लिहून घेताय? तेव्हा आपण भाड्याने राहत होतो!"

कर्णिकांनी तेही खोडलं.